करगोटा बांधलेला खांब

दोन डोंगरांच्या मध्ये वसलेल्या एका नगरीत गुणाकर नावाचा एक शास्त्री राहत होता. त्याचा विषय एकच होता, खांब. खांब किती वजन पेलतो, केव्हा पेलत नाही, आणि पेलेनासा झाला की नेमके काय होते, याचा त्याने आयुष्यभर अभ्यास केला. बाकीचे शास्त्री तारे पाहत, व्याकरणावर वाद घालत. गुणाकर खांब मोडत असे.

अर्थात खरे खांब नव्हे. खऱ्या खांबाच्या प्रमाणात तासलेली बारीक काठी तो चार खुंटांच्या एका चौकटीत उभी करी. तिच्या माथ्यावर पाटी बसवी आणि पाटीत एकेक वजन चढवत जाई. आखूड काठी शेवटी चिरडून फुटे. उंच, सडपातळ काठीचे तसे होत नसे. ती बराच वेळ सरळ राही आणि मग एकाएकी मधोमध बाहेर झुके. लाकूड अजून धड असे, पण काठी कामातून गेलेली असे. ती नेमकी केव्हा झुकते, हे त्याला आधीच सांगता यायला हवे होते. त्यातच त्याचे केस पांढरे झाले.

इतकी वर्षे त्याला कुणी काही विचारले नव्हते. म्हातारपणी विचारले, आणि तेही खुद्द राजाने.

राजाची न्यायसभा जुन्या मंडपात भरत असे. त्या मंडपाचे खांब इतके जाड होते, की दोघांनी हात धरले तरी कवेत येत नसत. तक्रार घेऊन आलेली गरीब माणसे मागे बसत, आणि मागे बसलेला माणूस खांबाआड जाई.

"मला माणसाचा आवाज ऐकू येतो, तोंड दिसत नाही," राजा म्हणाला. "तोंड न पाहता न्याय कसा करायचा? शास्त्रीबुवा, बारीक खांबांवर दगडी छप्पर राहील का?"

गुणाकराने घरी जाऊन काठ्या मोडल्या. पुन्हा मोडल्या. मग येऊन सांगितले, "राहील, महाराज. काठीने जेवढं वजन पेललं, त्याच्या निम्म्यावरच मी थांबलो आहे."

नव्या मंडपासाठी सागवानाचे उंच, सडपातळ खांब उभे राहिले. लोक मुद्दाम ते पाहायला येऊ लागले. मानाजी सुतार त्या कामावरचा मुख्य होता. तो म्हणे, "शास्त्रीबुवांनी खांबांना उपास घडवला बघा!"

आता त्या नगरीतली एक रीत सांगायला हवी. तिथे नवे काहीही उभे केले, घराचा खांब असो, दाराची चौकट असो की मांडवाची मेढ, की त्याच्या कमरेला हळदीत बुडवलेला दोरा बांधत. दोऱ्याची टोके चारी दिशांना ताणून, आजूबाजूला जे असेल त्याला गाठवत. लहान मुलाला बांधतात तसा, म्हणून त्याला खांबाचा करगोटा म्हणत. पुढे दोरा कुजून आपोआप गळून पडे, आणि त्याची कुणाला आठवणही राहत नसे.

गुणाकराच्या घरी ही रीत त्याची बायको सुभद्रा पाळी. चौकटीत नवी काठी उभी राहिली की ती हात धुऊन येई, काठीच्या मध्याला हळदीचा दोरा बांधी आणि टोके चार खुंटांना गाठवी. गुणाकर तिचे आटोपेपर्यंत वजने पुसत बसे. त्याचा या रीतीवर विश्वास नव्हता आणि अविश्वासही नव्हता. ती होती, एवढेच.

मंडपावर छपराच्या दगडी फरशा चढवायचा दिवस जवळ आला, तेव्हा गुणाकराचा एक भाऊबंद वारला. घराला सुतक लागले. देवपूजा थांबली. मंडपाकडे जाता येईना. गुणाकराने ठरवले, की आता स्वस्थ बसायचे. पण स्वस्थ बसायची सवय नसलेल्या माणसाला ते जमत नाही. मानाजीने मंडपाच्याच सागवानाचे उरलेले तुकडे पाठवले होते. त्यातून त्याने एक काठी तासली आणि चौकटीत उभी केली. सुतकात करगोटा बांधायचा नसतो, म्हणून सुभद्रा उठली नाही.

नेहमीच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्यातच काठी झुकली.

गुणाकराला वाटले, लाकडात गाठ असेल. त्याने दुसरी तासली. तीही तिथेच झुकली. तिसरीचेही तेच झाले.

सुभद्रा दारात येऊन उभी राहिली. "अहो, सुतकात कशाला हात लावलात त्या काठ्यांना?"

"काठीला कसलं आलंय सुतक?"

"मग झुकल्या का?"

गुणाकराला क्षणभर वाटले, हिचेच बरोबर असावे. सुतक फिटले की काठ्या पुन्हा शहाण्यासारख्या वागतील, आणि आपल्याला कुठे जावे लागणार नाही, कुणाला काही सांगावे लागणार नाही. तो फार थकलेला होता. थकलेल्या माणसाला जे उत्तर घराबाहेर पडायला लावत नाही ते लवकर पटते.

पण पटले तरी त्याला झोप येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आपल्या जुन्या उपरण्याच्या काठाचा दोरा काढला. त्याला हळद नव्हती. त्याने तो काठीच्या मध्याला बांधला आणि टोके चार खुंटांना गाठवली. काठीने सगळे वजन पेलले. मग त्याने तोच दोरा नुसता काठीच्या कमरेला गुंडाळला, खुंटांना गाठवला नाही. काठी चौथ्या हिश्श्यात झुकली.

तो खाली बसला.

"काय झालं?" सुभद्रेने विचारले.

"इतकी वर्षं मी खांब मोजतच नव्हतो. दोऱ्याने धरून ठेवलेला खांब मोजत होतो."

"एवढासा दोरा खांबाला धरतो होय?"

"झुकायला निघालेल्याला सुरुवातीला एवढंसंच पुरतं. एकदा झुकला, की मग दोरखंड लावले तरी उपयोग नाही. आणि मंडपातल्या खऱ्या खांबांना हे असलं सूत काय धरणार? ताण आला की तटकन तुटेल."

सुभद्रा म्हणाली, "म्हणजे माझ्या हातानेच झालं म्हणायचं."

"तू रीत पाळलीस. समोर बसून मी वजनं पुसत होतो. बघायचं काम माझं होतं."

"मग आता सुतक फिटू दे. फिटलं की जाऊन सांगा."

"तोवर फरशा चढलेल्या असतील. सभा भरलेली असेल."

"लोक हसतील हो तुम्हाला. या वयात."

"हसतील," गुणाकर म्हणाला.

तरी तो लगेच निघाला नाही. तेव्हा चुकलो, तसा आता चुकत असलो तर? उगाच एवढे मोठे काम अडवले असे होईल. त्याने पुन्हा काठ्या उभ्या केल्या, दोरा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. काठ्यांनी आपले म्हणणे बदलले नाही. दुपारी त्याने पायांत वहाणा घातल्या.

मंडपावर माणसे फरशा वर ओढायच्या तयारीत होती. मानाजी परांचीवरून ओरडला, "या शास्त्रीबुवा! पण आत नको हं, सुतकातले तुम्ही! छपराला विटाळ करता का काय?"

माणसे हसली.

"विटाळ झाला तर बरंच," गुणाकर दाराबाहेरूनच म्हणाला. "निदान काम तरी थांबेल. मानाजी, फरशा चढवू नकोस."

"आता काय झालं? खांब उभे आहेत की झकास! परवाच्या वाऱ्यात हललेसुद्धा नाहीत."

"डोक्यावर काही नसलं की कुणीही ताठ उभं राहतं."

मानाजी हसायचा थांबला आणि खाली उतरला.

राजाला निरोप गेला. शास्त्र्याला आत येता येत नव्हते, म्हणून राजाच बाहेर आला. गुणाकराने करगोट्याची हकिकत सांगितली. सांगताना तो दोनदा अडखळला. राजाच्या मागे उभ्या असलेल्या मंडळींपैकी कुणीतरी म्हणाले, "म्हणजे दोऱ्यात देव आहे, हे शास्त्रीबुवांनी सिद्ध केलं तर!" पुन्हा हशा झाला. राजा हसला नाही.

"तेव्हा तुम्ही खात्रीने हो म्हणालात," राजा म्हणाला. "आज तितक्याच खात्रीने नाही म्हणता. मी कोणत्या गुणाकरावर विश्वास ठेवू?"

"कोणत्याच गुणाकरावर नको, महाराज. आज तर मला खात्रीही नाही. एक खांब मोडून पाहा."

उरलेला एक खांब अंगणात उभा केला. चारी बाजूंनी परांची बांधून त्याचा माथा जागेवर राहील असे केले आणि मध्य मोकळा सोडला. एवढ्यात एक म्हातारा सवयीने हळदीचा दोरा घेऊन पुढे आला.

"बांधा," गुणाकर म्हणाला. "हवे तेवढे बांधा, आजोबा. फक्त परांचीला गाठ मारू नका."

छपराच्या ज्या फरशा त्या खांबाच्या वाट्याला येणार होत्या, त्या एकेक करून माथ्यावर चढू लागल्या. खांब सरळ होता. मानाजीने गुणाकराकडे पाहून भुवई उडवली. आणखी फरशा चढल्या. अजून सरळच होता. गुणाकराला मनातून वाटत होते, की खांब तसाच राहावा, आपण खोटे ठरावे, आणि हसत का होईना, सगळ्यांनी घरी जावे.

निम्म्या फरशा चढत आल्या आणि खांबाला पोट आले. कुणी ओरडायच्या आत तो मधोमध फाटला. फरशा धडाधड खाली आल्या आणि धुळीने सगळ्यांची तोंडे पांढरी झाली. माणसे आधीच लांब उभी केली होती, म्हणून कुणाला लागले नाही.

राजाने विचारले, "तुम्ही आजवर मोडलेल्या उंच काठ्या... त्यांतल्या कितींना दोरा होता?"

"सगळ्यांना."

"म्हणजे त्यावरून काढलेलं सगळं..."

"पुन्हा करावं लागेल, महाराज."

मानाजी डोके खाजवत पुढे झाला. "मी म्हणतो, खांबांना मधोमध आडव्या तुळया ठोकल्या तर? दोऱ्याचं काम तुळई करील. माणसांच्या डोक्यावरून जाईल, कुणाचं तोंड झाकणार नाही. काय शास्त्रीबुवा?"

सगळे गुणाकराकडे पाहू लागले. त्याने फक्त मान हलवली असती, तर महिन्याभरात छप्पर चढले असते आणि आजची फजिती लोक विसरले असते. त्याला तुळयांची कल्पना पटलीही होती. पटली होती, म्हणूनच त्याला भीती वाटली.

"होईलही," तो म्हणाला. "पण आज मी हो म्हणणार नाही. मला मोडून पाहू द्या."

"किती दिवस?"

"ते सांगता येत नाही."

राजाने सुस्कारा सोडला आणि तो आत निघून गेला. त्याने शास्त्र्याला शिक्षा केली नाही. शाबासकीही दिली नाही.

तो उन्हाळा कडक गेला. खटल्यांची संख्या वाढली होती आणि जुना मंडप पाडून झाला होता, म्हणून न्यायसभा छप्पर नसलेल्या त्या खांबांमध्येच भरू लागली. राजाला आता सगळ्यांची तोंडे दिसत, पण ती घामाने निथळलेली असत. लोकांनी त्या जागेला नाव ठेवले, शास्त्रीबुवांची सावली. "कुठं निघालात?" असे कुणी विचारले, की उत्तर येई, "चाललो भाजून घ्यायला, शास्त्रीबुवांच्या सावलीत." बायका डोक्यावर पदर ओढून म्हणत, "या म्हाताऱ्याला एक खांबसुद्धा धड उभा करता येत नाही, आणि म्हणे शास्त्री!" छप्पर पडले असते तर काय झाले असते, हे कुणी बोलत नसे. जे घडलेच नाही त्याची आठवण कोण ठेवणार?

एकदा गुणाकर लाकूड आणायला निघाला असता भर सभेच्या वेळी तिथून गेला. सभा गच्च भरली होती. कुणी सुपाने वारा घेत होते, एक पोर रडत होते, एक म्हातारी पदराची सावली करून बसली होती. त्याला पाहताच पुढच्या रांगेतला एक जण मोठ्याने म्हणाला, "आले बघा सावलीचे धनी!" आणि सगळी सभा हसली. म्हातारी तर खोकला येईपर्यंत हसली.

गुणाकर थांबला. त्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्या हसणाऱ्या माणसांकडे पाहिले. सगळी धडधाकट होती. मग तो लाकूड घेऊन घरी गेला आणि पुढची काठी तासायला बसला.

तात्पर्य: आपण खरे मानलेले कशाच्या आधाराने उभे आहे हे तो आधार सोडून पाहावे, आणि चूक दिसली तर ज्यांच्या डोक्यावर ती कोसळणार आहे त्यांना वेळेवर सांगावे. आभारांची वाट पाहू नये, कारण वाचलेल्या माणसाला आपण वाचलो हे बहुधा कळतच नाही.