साळिंदराची पानं आणि कोळ्याचे धागे

फार जुन्या काळी मुंग्यासुद्धा घर खणण्याआधी नकाशा काढून घेत. साळिंदरकाका एका पळसपानावर आपल्या काट्यानं बोगदे काढी आणि दुसऱ्या पानावर अंड्यांच्या खोल्या. हात पक्का, रेघ सरळ.

एकदा मुंग्यांनी अंडी खोल्यांत नेऊन ठेवली आणि मग पुढच्या बोगद्यात दगड लागला. काकानं पहिल्या पानावर बोगदा डावीकडं सरकवला. दुसरं पान उघडायचा कंटाळा केला, दुसरं काय!

शेजारच्या कोळ्यानं तेच घर धाग्यांत विणलं होतं, प्रत्येक खोली बोगद्यांना बांधून. त्यानं बोगद्याचा धागा डावीकडं ओढला, तर तो अंड्यांच्या खोलीत घुसला आणि तिचा धागा तटकन तुटला.

"अगं थांबा! बोगदा अंड्यांवर चाललाय!" कोळी खणणाऱ्या मुंग्यांना म्हणाला.

"गप रे, आठ पायांच्या! माझी रेघ कधी चुकलीय का? खणा गं तुम्ही."

खालून म्हातारी मुंगी ओरडली, "काका, ही भिंत उबदार लागतेय, पलीकडं अंडी आहेत!"

सगळ्या मुंग्यांनी खणणं थांबवलं. काकानं दोन्ही पानं एकावर एक ठेवून उन्हात धरली. सरळसोट रेघ अंड्यांच्या खोलीतून आरपार गेली होती.

काका पानं खाली ठेवून उठला. मग कोळ्याजवळ जाऊन बसला.

"पहिला धागा कुठं बांधतोस, ते दाखव."