पाचवं मडकं

"आणि पाचवं?" रखमाजीबाबांनी विचारलं.

"पाचव्याचं सोडा हो, बाबा. तो नमुना बिघडलेला होता. वगळला मी."

"बिघडलेला म्हंजी?"

हेमांगीला हसू आलं. चार वर्षं डोळे फोडून तिने प्रबंध पुरा केला होता, आणि म्हाताऱ्याने नेमकं त्याच पानावर बोट ठेवलं! उद्या तो विद्यापीठात द्यायचा होता. आधी गुरूच्या पायावर घालावा म्हणून ती इथवर आली होती. खरं सांगायचं तर पाया पडण्यापेक्षा आपली हुशारी दाखवायची हौस जास्त होती.

गुरू म्हणजे गावचे कुंभार. याच अंगणात तिने दोन वर्षं माती तुडवली होती. लीद किती, राख किती घालायची, चिमूटभर माती जिभेवर ठेवून ती कुठल्या काठची ते कसं ओळखायचं, सगळं बाबांनीच शिकवलेलं. पुढे तिला यंत्र मिळालं. पिस्तुलासारखं हातात धरून खापराला टेकवलं की मातीत लोखंड किती, चुना किती, ते मिनिटात सांगायचं. तेव्हापासून बाईंची जीभ बोलण्यापुरतीच उरली होती.

"पुन्हा सांगते," ती म्हणाली. "उत्खननात याच काठावर सापडलेलं तीन हजार वर्षांपूर्वीचं घर. जमिनीखाली पाच मडकी पुरलेली. प्रत्येकात एकेक तान्हं मूल. घरातली बाकीची खापरं इथल्याच मातीची. पण या पाचांतल्या चार मडक्यांची माती नदीपल्याडची. म्हणजे माणसं पल्याडून आलेली, परकी. लेकरांना पुरायला त्यांना आपल्या मुलखाची माती हवी होती."

"आणि पाचवं इथल्या मातीचं."

"हो. पण त्याला मडकं तरी का म्हणायचं? तोंड वाकडं, बूड जाड, भाजणी कच्ची. कुणा नवशिक्याचं काम."

"त्यात लेकरू न्हवतं?"

"...होतं."

बाबांनी मान हलवली. "घरामागं आवा सापडला का?"

"सापडला ना. राखेचा ढीग, भाजताना फुटलेली खापरं. कुंभाराचंच घर ते."

बाबा काठी टेकत उठले.

"यंत्र आणलंयस?"

यंत्र तर तिच्या खांद्यालाच होतं. बाबा तिला आव्याच्या मागे घेऊन गेले. लिंबाखाली दोन दगड होते. पावसाने माती वाहून गेली होती, आणि दोन्ही दगडांपाशी एकेका मडक्याचा काठ उघडा पडला होता.

"दरसाल माती टाकतो," बाबा म्हणाले. "औंदा गुडघ्यानं बसू दिलं न्हाई. ह्याला लाव."

तिने पहिला काठ पुसला आणि यंत्र टेकवलं. मिनिटभराने आकडे आले.

"ही नदीपल्याडची माती." आवाजात जिंकल्याचा तोरा होता. "हे मडकं तुमचं नाही, बाबा. बाहेरून आलेलं आहे."

"व्हय. त्यात माझी गोदी हाय. अकरा महिन्यांची व्हती."

हेमांगीचा हात यंत्रासकट खाली आला.

"मग मडकं... तुम्ही नाही घडवलंत?"

"बापानं घडवायचं नसतं, पोरी. कुंभाराच्या घरचं लेकरू गेलं की त्या घरचं चाक थांबतं. मग मडकं पल्याडचा कुंभार घडवतो, डोक्यावर घेऊन येतो. त्याच्या घरचं लेकरू गेलं तर मडकं आमी नेतो. माझ्या बापानं नेलीत. त्याच्या बापानंबी."

चार मडकी. चार वेळा कुणीतरी नदी ओलांडून आलं होतं, आणि तिने त्या घरावर परकी म्हणून शिक्का मारला होता. दोन वर्षं ती या माणसाच्या पायाशी बसली. हे एवढं कधी विचारलं नाही. तिला स्वतःची लाज वाटली.

बाबांनी काठीने दुसरा काठ दाखवला. "आता ह्याला लाव."

तिने यंत्र बाजूला ठेवलं. काठावरून नुसतं बोट फिरवलं. एका बाजूला जाड, एका बाजूला दबलेला. बोटांचे ठसे तसेच राहिलेले, पुसायलाही कुणी थांबलं नव्हतं. नखाने जरा खरवडून तिने माती जिभेवर ठेवली.

माती याच काठची होती.

"बाबा, हे कुणी..."

"मी."

साऱ्या पंचक्रोशीत ज्याच्या हाताला जोड नाही असं लोक म्हणत, त्या माणसाचं हे काम होतं. हेमांगीला वर बघवेना.

"गोदीच्या पाठचा. नाव ठेवायचं व्हतं अजून," बाबा म्हणाले. "देवीची साथ आली त्या साली. पल्याड निरोप धाडला. दिवस मावळंस्तोवर वाट पाह्यली. दुसऱ्या दिशीबी पाह्यली. त्याची आय त्याला मांडीवरनं खाली ठेवंना... मग बसलो चाकावर. नीट भाजायलाबी सवड न्हवती."

तिच्या पाचव्या मडक्याला तिने करवतीने कापलं होतं. काप काचेवर चिकटवून नंबर घातला होता, आणि नंबरापुढे लाल शाईने लिहिलं होतं, 'सदोष'.

हेमांगीने हाताने माती ओढून पहिला काठ झाकला. मग दुसरा झाकला. माती पुरेना, म्हणून पदरात भरून आणखी आणली.

"पल्याडची माणसं का आली नाहीत, बाबा?" तिने शेवटी विचारलं. "निरोप पोचला नव्हता का?"

"पोचला व्हता."

"मग?"

बाबांनी नदीकडे पाहिलं.

"तिकडंबी चाकं थांबली व्हती."