राजाच्या दगडाची जोडी

सांगणार नव्हतो. नातसून कानातली बनवून विकते, आणि गिऱ्हाइकाला दगडाबरोबर एखादी गोष्टही द्यावी म्हणते. आमच्या वेळी दगडाबरोबर दगडच द्यायचे, आणि लोक तेवढ्यावर घरी जायचे. पण गोष्ट नाही तर दुपारचा चहा नाही, असं तिने बजावलं. तेव्हा घ्या.

निंबगडचा राजा मानाजी नदीवर पाय धुवायला गेला आणि त्याच्या टाचेखाली एक अकीक, म्हणजे पोटात नक्षी असलेला दगड, आला. गावातली माणसं रोज ओणवी होऊन टोपल्या भरून अकीक वेचत, त्याची कुणाला पर्वा नव्हती. राजाच्या टाचेला एक टोचला, तेव्हा मात्र केवढा शोध लागला!

दगड घासायला गावच्या कारागिराकडे, बहिरूकडे आला. राजाची ताकीद होती की कणभरही वाया घालवायचा नाही. म्हणून बहिरूने पैलू न पाडता तो वरून घुमटासारखा गोल केला, खालून सपाट केला, आणि जाडी तशीच ठेवली, चांगली आवळ्याएवढी. पांढऱ्या अंगावर हिरवंकाळं झाड उमटलं, एका बाजूला कललेलं, फांदीवर पाखराएवढा ठिपका. रंग कुणी भरला नव्हता, जमिनीतूनच तसा आला होता. राजाला त्यात वड दिसला, म्हणून सगळ्या दरबाराला वड दिसला. मला विचाराल तर बाभूळ. पण मला कोण विचारतं?

राजाने तो मोठ्या थाटात राणीपुढे धरला. राणी म्हणाली, "सुरेख आहे. पण मला कान दोन आहेत, हे महाराजांच्या लक्षात असेलच."

झालं. राजाने हुकूम सोडला. आठ दिवसांत याच दगडाचा जोडीदार हवा. तेच झाड, तेच पाखरू, तोही जमिनीतून आलेला, रंगवलेला चालणार नाही. न मिळाल्यास गावाची नदीतली वेचणी कायमची बंद. नदी राजाची, दगड राजाचे, गावाची फक्त कंबरदुखी. आणि त्या कंबरदुखीवरच अख्खं गाव जेवत होतं.

बहिरूने हात जोडून सांगितलं की दगडातली नक्षी दोनदा येत नाही. दरबारचे पारखी अंबादासपंत म्हणाले, राजाज्ञा असली की येते. पंतांनी जन्मात एक दगड घासला नव्हता, म्हणून त्यांना दगडातलं सगळं कळायचं.

नमुना म्हणून राजाचा दगड बहिरूला मिळाला. सहा दिवस गाव नदीत वाकून होतं. ढग सापडले, डोंगर सापडले, एक हुबेहूब पंतांच्या तोंडासारखा सापडला, तो लगेच परत फेकला. झाडं सापडली, पण तसं झाड नाही. त्यावर पाखरू तर नाहीच.

सातव्या दिवशी सकाळी बहिरूची लेक धुरपा हिने राजाचा दगड उन्हासमोर धरला. बराच वेळ फिरवून फिरवून पाहिला. झाड नुसतं वर चिकटलेलं नव्हतं, ते दगडाच्या पोटात आरपार उभं होतं. तिने गुपचूप तार ताणलेलं धनुकलं काढलं, तारेला दगडालाही कापणारी ओली कुरुंदाची पूड लावली आणि दगड आडवा चिरायला बसली.

बहिरूने तिचं मनगट धरलं. "अगं, हात तोडतील."

"आबा, नदी बंद झाल्यावर हात ठेवून काय करायचे?"

दिवसभर कापला. एका दगडाचे दोन पातळ दगड झाले. पुस्तक उघडावं तशी कापलेली दोन्ही तोंडं उघडली, दोन्हींवर झाड, दोन्हींवर पाखरू. मग ती तोंडं घासून तिने दोघांनाही घुमट दिला आणि पाठी सपाट केल्या.

आठव्या दिवशी दरबारात तिने राजाच्या हातावर दोन्ही ठेवले. राजाने पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"यातला माझा कुठला?"

"तेच महाराजांनी सांगावं. ओळखता आला तर जोडी जमली नाही म्हणायची."

राजाने फाडायचे तेवढे डोळे फाडले. ओळखता येईना. शेवटी धुरपेनेच सांगून टाकलं की दोन्ही मिळून त्यांचाच दगड आहे, मधून चिरलाय. राजाची मान लाल व्हायला लागली. तेवढ्यात पंत पुढे सरसावले. दगड तर फोडलाच, शिवाय जोडीही खोटी, म्हणाले. एकातलं झाड डावीकडे कललंय, दुसऱ्यातलं उजवीकडे. गावाची वेचणी बंद करावी.

आता त्या राजाची मिशी सांगायची राहिली. दोन्ही टोकांना विंचवाच्या नांगीसारखे आकडे होते, आणि ते पिळायला दोन गडी पगारी ठेवले होते.

धुरपा म्हणाली, "महाराज, आपल्या मिशीचा एक आकडा डावीकडे वळतो, एक उजवीकडे. पंतांच्या मते तीही जोडी नाही. पंतांनी आधी दोन्ही आकडे एकाच बाजूला वळवून दाखवावेत. मी लगेच दगड बदलून देते."

पहिली हसली राणी. राजाने मिशी चाचपली, डावा आकडा, मग उजवा, मग पंतांकडे पाहिलं, आणि असा हसला की दोन्ही आकडे सुटले. गड्यांची धावपळ झाली.

राणीने तिथेच दोन्ही दगड कानांना लावून पाहिले. वजन निम्मं झालेलं पाहून म्हणाली, अख्खा असता तर कानच तुटला असता. राजाने वेचणीचा हक्क गावाला कायमचा तांब्याच्या पत्र्यावर कोरून दिला, धुरपेला सोन्याचं कडं दिलं. आणि राणीच्या सांगण्यावरून अंबादासपंतांना आठ दिवस त्याच नदीत उभं केलं, एकाच बाजूला कललेली जोडी शोधायला.

अशीच एका दगडाची जोडी मी एका लग्नात नवरीसाठी घासून दिली होती. भर मांडवात नवरीचा बाप म्हणाला, एक झाड इकडे, एक तिकडे, म्हातारा आंधळा झाला. बावीस वर्षं झाली. त्या गृहस्थाला मिशीही आहे, दोन्हीकडे वळलेली, आणि आरसाही आहे. माफी मात्र अजून आलेली नाही, आमच्या साडूंची, तुळशीराम वाळक्यांची.