माणिकचं पान

शके सोळाशे एकाहत्तर, पौष महिना. थंडी अशी की सकाळी डोहातून धूर निघायचा. आणि हूं देत राहा, नाहीतर गोष्ट बंद.

तेव्हा करंजपुरात एक राजा होता. सणासुदीला त्याच्याकडे गावजेवण असे. एक पंगत बाप्यांची, एक बायकांची. तिसरी नाही.

त्याच गावात भिवरा नावाची कोष्टीण होती. नवरा गेलेला. एकच लेकरू, माणिक. मुलगा म्हणून जन्मलं. बोलायला लागलं तसं म्हणालं, "मी मुलगा नाही."

आई म्हणाली, "मग मुलगी का?"

"मुलगी पण नाही. मी माणिक."

"बरं. दूध पी."

तिनं पुन्हा विचारलं नाही. गाव मात्र विचारायचं. बाप्ये म्हणायचे, "ऊठ, तिकडं बायकांत बस." बायका म्हणायच्या, "सोंग करतंय मेलं! हो तिकडं." मग माणिक उपाशी निघायचं. मग भिवराही भरल्या पानावरून उठायची. घरी येऊन दोघं कोरभर भाकरी खायची.

मग एकदा काय झालं, राजाचा मुलगा तापानं फणफणला. वैद्य म्हणाला, "काळडोहाचं पाणी पाजा. नाहीतर आशा सोडा."

काळडोह साधा नव्हता, बरं का. त्यात साती आसरा, पाण्यातल्या सात देवता, राहायच्या. त्यांची अट होती. बाप्याला पाणी नाही, बाईला पाणी नाही, आणि खोटं बोलेल त्याला वर येणं नाही.

राजाचा एक शिपाई चतुर होता. तो डोक्याला पागोटं बांधून, खाली लुगडं नेसून गेला. म्हणाला, "मी बाप्या नाही, बाई नाही." आसरा खदाखदा हसल्या. पागोटं तेवढं वर आलं.

मग राजानं दासीला पाठवलं. तिला काजळाच्या मिशा काढल्या. तीही तेच बोलली. तीही गेली.

मग राजाला माणिक आठवलं. तो भिवराच्या दारात गेला. "पाणी आण. मागशील ते देईन."

माणिक म्हणालं, "मला नि आईला शेजारी पानं मांडा. दोन्ही पंगतींच्या मधे."

"दिलं. शब्द मोडला तर माझ्या ताटात माती पडो."

माणिक रोजच्या कपड्यांत डोहावर गेलं. आसरांनी विचारलं, "कोण तू?"

"माणिक. बाप्या नाही, बाई नाही."

"कशावरून?"

"मला ठाऊक आहे ना."

आसरा हसल्या नाहीत. धाकटी म्हणाली, "खरं बोलतंय. घागर भरू द्या गं."

मुलगा बरा झाला. राजानं जेवण घातलं. कारभारी कानाशी लागला, "महाराज, आज ह्याला मधे बसवाल, तर उद्या पंगतीच मोडतील." राजानं मान खाली घातली. माणिकला पागोटं पाठवलं. निरोप दिला, "हे बांध, बाप्यांत बस. मान वाढेल तुझा."

माणिकनं पागोटं परत केलं. भिवरा उठली. दोघं उपाशी गेली. पुढच्याच महिन्यात, माघात, भिवरा खोकल्यानं गेली. राजाच्या मुलाला पाणी मिळालं, हिला पान मिळालं नाही.

मग राजाच्या ताटात माती पडू लागली. भात घ्यावा, तर माती. खीर घ्यावी, तर माती. पाणी प्यावं, तर गाळ. राजा वाळून काटकी झाला. माणिकच्या दारात जाऊन म्हणाला, "चुकलो. जेवायला चल."

"पानं दोन मांडा."

"भिवरा तर गेली रे."

"शब्द दोन पानांचा होता."

राजानं मधोमध दोन पानं मांडली. स्वतः वाढलं. माणिक बसलं. शेजारच्या पानावर भात वाफाळला, मग निवला. कारभारीच म्हणाला, "माणिक, आजपासून तू आमचं."

माणिकनं वर पाहिलं नाही.

आता डोळे मिटा, थोडंच राहिलंय.

माणिक पोटभर जेवलं. आईचं पान उचललं, नदीत सोडलं आणि गाव सोडून गेलं. राजानं घास घेतला. भात भातच होता. देणं फिटलं.