दुर्धर्षाला मिळालेला शाप

पूर्वी कृतयुगात, देव जेव्हा माणसांच्या अंगणात पाहुणे म्हणून येत असत, त्या काळी वेत्रवतीच्या तीरावरील गर्द वेतवनात धौमायन नावाचे महातपस्वी ऋषी राहत होते. त्यांचा एकुलता एक पुत्र आर्जव जन्मतःच पंगू होता. त्याच्यासाठी ऋषींनी कथाद्यूत नावाची क्रीडा निर्माण केली. ऋषींनी घोर अरण्ये आणि उन्मत्त दैत्य वर्णावेत, प्रत्येक खेळणाऱ्याने आपल्या कल्पनेतला एक वीर त्यांत उतरवावा, आणि त्याचा पराक्रम साधला की फसला हे फाशाने ठरवावे, अशी तिची रीत. राजपुत्र सुवर्चा आणि नागकन्या मणिप्रभा त्यासाठी आश्रमात येत. आर्जवाला दुसरे सोबती नव्हतेच.

आर्जवाच्या वीराचे नाव दुर्धर्ष. तो धावे, पर्वत लंघी, नद्या तरून जाई. पण फासा उलटा पडून दुर्धर्ष घायाळ झाला की आर्जवाचे तोंड एवढेसे होई, आणि ऋषींना ते पाहवत नसे. शेवटी बापाचे काळीज ते! "तथास्तु, याला अभेद्य कवच मिळो," असे म्हणून ते मोकळे झाले. मग अमोघ बाण दिला. शेवटी तर, फासा कसाही पडो, दुर्धर्षच जिंकेल, असा वर देऊन बसले! आणि तपस्व्याचे वचन ते, एकदा मुखातून सुटले की ब्रह्मदेवालाही मागे घेता येत नाही.

मग खेळात काही राम उरेना. दैत्य समोर येतो न येतो तोच दुर्धर्ष त्याचा फडशा पाडी, आणि बाकीचे दोघे नुसते बघत बसत. ऋषींना हे उमगले, पण उपाय काढला तो भलताच. दुर्धर्षाला तोडीस तोड म्हणून त्यांनी पर्वतप्राय देहाचा, ज्वाला ओकणारा कालदंष्ट्र दैत्य कथेत आणला. दुर्धर्षाच्या केसालाही धक्का लागला नाही, सुवर्चा आणि मणिप्रभा यांच्या वीरांचे मात्र क्षणात भस्म झाले.

मणिप्रभा हात जोडून उठली. "भगवन्, आम्ही हरण्याला भीत नाही. पण जिथे आमच्यावाचून कुणाचे काही अडत नाही, तिथे आम्ही बसावे कशाला?" दोघे गेले, ते पुन्हा फिरकले नाहीत.

आर्जव एकटाच फासा टाकी आणि जिंके. एके दिवशी तो म्हणाला, "तात, दुर्धर्षाला शाप द्या."

"वत्सा, हे काय बोलतोस! ज्याच्या पायांनी तू चाललास, त्याला मी शाप देऊ?"

"चाललो तो सख्यांबरोबर, तात. आता एकट्याने जाऊ कुठे? आपण प्रेमापायी मला सगळे दिलेत, आणि माझी माणसे गेली!"

वर परत घेता येत नव्हता, पण त्यावर शाप घालता येत होता. ऋषींनी ओंजळीत उदक घेतले. "फाशावर एकच टिंब पडेल, त्या क्षणी कवच, बाण आणि वर, सारे निष्फळ होवो! हा शाप हा खेळ खेळणाऱ्या प्रत्येकाच्या वीराला बाधो."

सोबत्यांना बोलावणे गेले. दोघे नवे वीर घेऊन आले. कालदंष्ट्र पुन्हा उभा ठाकला. मणिप्रभेच्या वीरावर ज्वाला आली, तेव्हा दुर्धर्षाने मध्ये उडी घेतली आणि आर्जवाने फासा टाकला. एकच टिंब पडले.

आर्जव ओक्साबोक्शी रडला. ऋषींच्या ओठांवर "तथास्तु" आले होते; त्यांनी ते गिळले. सुवर्चाने आर्जवाला पोटाशी धरले, मणिप्रभेच्या डोळ्यांना धार लागली.

तेव्हापासून त्या खेळात कितीही वर मिळालेला वीर असो, एक पडला की तो पडतोच. आणि भोवती बसलेले सगळे त्याच्यासाठी हळहळतात.