एक्केचाळीस गाठींची दोरी

एका राज्यात पाणी खारट झाले. आधी राजवाड्यातली विहीर खारट झाली, मग गावोगावच्या विहिरी, मग नदी. गाईच्या दुधाला मिठाची चव आली. पेरलेले धान्य उगवताच पिवळे पडले. तान्ही मुले पाण्याला तोंड लावीत आणि तोंड फिरवीत. लोक पानांवरचे दव फडक्याने टिपून हंड्यात पिळीत आणि त्यावर दिवस काढीत.

या राज्याच्या समुद्रात केवडबेट नावाचे बेट होते. तिथे एक प्राणी राहत असे. मांजराएवढा देह, वानराचे हातपाय, शेपटीवर काळीपांढरी कडी, डोळे पिकल्या लिंबाच्या रंगाचे. जगात दुसरीकडे तो कुठेही नव्हता. सूर्य उगवला की हे प्राणी झाडांच्या शेंड्यांवर बसून दोन्ही तळवे उन्हापुढे धरीत. म्हणून लोक त्याला ओंजळ्या म्हणत. तळव्यांवर ऊन पडले की ओंजळ्या हाक देई. एका सकाळी एकाची एकच हाक.

राज्यात एक जुनी रीत होती. दरबारात प्रत्येक रानजनावराची लाकडी मूर्ती मांडलेली असे आणि तिच्या गळ्यात दोरा असे. हिरवा दोरा म्हणजे जनावर भरपूर. त्याच्या रानात हवे तितके तोडा. पिवळा म्हणजे विरळ. वर्षाला शंभर झाडे तोडा. तांबडा म्हणजे तिसाच्या आत उरले; त्या रानाला कुऱ्हाड लावू नका. चौथा दोरा काळा होता. तो म्हणजे संपले, आणि त्या रानात माणसाने पुन्हा पाऊल ठेवू नये. काळा दोरा पेटीत पडून होता. तो कधी कोणाला बांधलेला नव्हता.

ओंजळ्याच्या गळ्यात पिवळा दोरा होता. तो गोमाजीच्या शब्दावर होता.

गोमाजी हा केवडबेटाचा गणतीकार. त्याचा बापही तेच काम करी. वर्षातून एकदा गोमाजी होडीने बेटावर जाई, उजाडण्याआधी बेटाच्या मधोमध असलेल्या दगडावर बसे आणि कान लावी. एक हाक आली की दोरीला एक गाठ. ऊन चढले की दोरी कमरेला बांधून तो परत येई. झाडावर चढायचे नाही, जनावर बुजते, हे त्याला बापाने सांगितले होते. माणसाचा डोळा फसतो, कान फसत नाही, हेही बापानेच सांगितले होते. तीस वर्षे त्याने तीस दोऱ्या दरबारात टांगल्या. प्रत्येक दोरीला एक्केचाळीस गाठी होत्या. एक कमी नाही, एक जास्त नाही. याचा त्याला मोठा अभिमान होता.

त्याची बायको ठकूबाई मात्र शेवटच्या दोरीच्या वेळी त्याला टोचून बोलली. बेटावर आता सातच झाडे उरली आहेत असे तिने नावाड्याकडून ऐकले होते. ती म्हणाली, "अहो, सात झाडांवर एक्केचाळीस? चिंचेसारखे लोंबतात की काय?"

गोमाजी म्हणाला, "तू भाकरी मोज. तुला तेवढे पुरे."

त्याच वर्षी कुऱ्हाडीने सातातली सहा झाडे पाडली. सहावे झाड पडले त्या दिवशी पाणी खारट झाले.

राजा सत्यधृती समुद्राच्या टोकावर राहणाऱ्या तमाळा जोगिणीकडे गेला. तिचे वय कोणालाच माहीत नव्हते. ती म्हणाली, "हा शाप माझा आहे. तुझ्या आज्याने सिंहासनासाठी बेटावरचे आईझाड तोडले. बेटाचे रान मोडेल त्या दिवशी तुझे पाणी समुद्राला मिळेल, असे मी तेव्हाच बोलले होते. तो हसला होता."

"उतारा काय?"

"तीन गोष्टी आण. बेटाच्या झऱ्याचा एक घडा, त्यातला थेंबही न पिता. तुझे सिंहासन, आईझाडाच्या खोडापाशी. आणि उगवत्या सूर्यासमोर ओंजळ्यांचा खरा आकडा. आकडा खोटा निघाला तर समुद्र तुझ्या उंबऱ्यात येईल."

बेट माहीत असलेला माणूस एकच होता. राजाने गोमाजीला बोलावले. गोमाजीने तिन्ही गोष्टी ऐकल्या आणि तिसरी तर दरबारात टांगलेलीच आहे, असे सांगितले.

झरा बेटाच्या पोटात होता. त्याच्या तोंडाशी घराएवढा खेकडा बसलेला असे. तहानलेल्या माणसालाच तो आत सोडी, आणि ओठ ओले करून परतणाऱ्याला नांगीत धरी. गोमाजीने तीन दिवस दवसुद्धा चाटले नाही. घडा भरून तो बाहेर आला तेव्हा त्याची जीभ टाळूला चिकटली होती. खेकड्याने त्याचे ओठ नीट पाहिले आणि वाट दिली.

सिंहासन काळ्या चंदनाचे होते. ते उचलायला चाळीस माणसे लागली, तरी ते हलले नाही. हत्ती जुंपले तर साखळ्या तुटल्या. जोगिणीने निरोप पाठवला की राजाने त्याला एवढेच म्हणावे, हे माझे नाही. हे म्हणायला राजाला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी तो नुसता येरझाऱ्या घालीत राहिला. दुसऱ्या दिवशी पुटपुटला, पण सिंहासनाला ऐकू गेले नाही. तिसऱ्या दिवशी त्याची लहान मुलगी पाण्यासाठी रडत दारात आली, आणि तो मोठ्याने म्हणाला, "हे माझे नाही." सिंहासन पाटासारखे हलके झाले. गोमाजीने ते एकट्याने डोक्यावर घेतले.

अशा रीतीने दोन गोष्टी झाल्या. राजा, जोगीण आणि गोमाजी केवडबेटावर उतरले. जिकडे पाहावे तिकडे तोडलेली खोडे होती. रान असे नव्हतेच. कड्याच्या टोकाला एकच झाड उभे होते. आईझाडाच्या खोडावर सिंहासन ठेवले, त्यावर झऱ्याचा घडा रिता केला, आणि गोमाजी आपल्या दगडावर जाऊन बसला. जुन्या दोऱ्या दरबारात होत्याच, तरी रीत म्हणून त्याने नवी घेतली.

पूर्व उजळली. पहिली हाक आली. गोमाजीने गाठ मारली. दुसरी आली, तिसरी आली. कोणी खर्जात, कोणी वरच्या सुरात, एक किंचित घोगरी, एक शेवटी थरथरणारी. तीस वर्षांत त्याला या हाका माणसांसारख्या ओळखू येऊ लागल्या होत्या. एक्केचाळिसावी हाक झाली आणि बेट गप्प झाले. गोमाजी उठला. सूर्याची कोर पाण्यावर आली होती. जोगीण म्हणाली, "बोल."

त्याने तोंड उघडले, एवढ्यात एक काळा पक्षी सिंहासनाच्या पाठीवर येऊन बसला. तो भृंगराज होता, लांब शेपटीचा. गोमाजीकडे बघत त्याने चोच उघडली आणि घोगरी हाक दिली. मग थरथरणारी दिली.

गोमाजीच्या हातातल्या दोरीच्या दोन गाठी आपोआप सुटल्या.

"हा आवाज तुझा आहे?" गोमाजीने विचारले.

"माझा नाही. त्याचा होता," पक्षी म्हणाला. "ओंजळे फळे खात, तेव्हा फांद्या हलत आणि किडे उडत. आम्ही त्यांच्या मागून खात असू. त्यांच्या पंगतीला आमच्या कितीतरी पिढ्या जेवल्या. प्रत्येकाचा आवाज वेगळा होता. एक मेला की त्याचा आवाज आम्ही वाटून घेत असू. विसरायला नको म्हणून."

"कधीपासून?"

"तुझ्या बापाच्या वेळेपासून. तू आलास तेव्हा नऊ उरले होते. आम्हाला वाटले, हा म्हातारा होण्याआधी एकदा तरी मान वर करील. केली नाहीस."

राजा पुढे झाला. त्याने गोमाजीला आकडा विचारला नाही. तो नुसता त्याच्याकडे पाहत राहिला, आणि ते गोमाजीला जास्त लागले.

गोमाजीने जोडे काढले आणि तो कड्याच्या टोकाकडे चालू लागला. सत्तरी उलटलेला माणूस झाडावर चढला. गुडघे सोलले, नखे उखडली. मध्ये एकदा फांदी मोडली आणि तो एका हाताने लोंबकळत राहिला. खाली पाहिले असते तर पडला असता. शेंड्याशी पोचला तेव्हा सूर्य अर्धा वर आला होता.

तिथे एक मादी बसली होती. शेपटीवरची कडी विटली होती, एका डोळ्यात फूल पडले होते. दोन्ही तळवे तिने उन्हापुढे धरले होते. तिच्या तोंडातून हाक मात्र निघत नव्हती.

पक्षी वरच्या डहाळीवर येऊन बसला. गोमाजीने हळूच विचारले की ही बोलत का नाही.

"तिचा जोडीदार तुझ्या पहिल्या खेपेआधीच गेला, तेव्हापासून ती गप्प आहे. हाक दिली तर उत्तर कोणी द्यायचे? आम्ही देतो, पण आमचा आवाज तिला कळतो. बेटावर तेवढा तुलाच कळला नाही."

म्हणजे त्या एक्केचाळिसांत खरी एकही हाक नव्हती, आणि जी खरी होती तिची एकाही दोरीला गाठ नव्हती. गोमाजीने दोरी पाहिली. ती सरळ झाली होती. त्याने झाडावरूनच मोठ्याने सांगितले, "एक."

समुद्र एक पाऊल मागे सरला. त्याच घटकेला राज्यातल्या सगळ्या विहिरी गोड झाल्या.

तो खाली उतरल्यावर राजा म्हणाला, "तीस वर्षे तुम्ही एक्केचाळीस सांगितलेत."

"मी मोजले नाही, महाराज. मी ऐकले."

राजाने त्याला शिक्षा केली नाही. तो जोगिणीकडे वळला. पाणी परत दिलेस, तसे ओंजळेही परत दे, हवे तर अर्धे राज्य घे, असे त्याने हात जोडून सांगितले.

तमाळा म्हणाली, "राजा, पाण्याला शाप मी दिला होता, तो मी काढला. ओंजळ्यांना मी शाप दिला नव्हता. जे मी घातले नाही ते मला काढता येत नाही."

एवढे बोलून ती पाण्यावरून चालत निघून गेली.

राजाने दरबारात जाऊन आपल्या हाताने पिवळा दोरा काढला आणि तांबडा बांधला. कुऱ्हाडी थांबल्या. गावोगाव पाण्याची पूजा झाली, गोडधोड झाले. राजा साध्या सागवानी पाटावर बसून न्याय देऊ लागला आणि चांगला देऊ लागला. गोमाजीने एकच मागणे मागितले. काळा दोरा माझ्याजवळ असू द्यावा. राजाने पेटी उघडून तो दिला.

गोमाजी आणि ठकूबाई बेटावर खोपट बांधून राहिली. टोचून बोलायला ठकूबाईला आता पुष्कळ होते, पण ती त्यातले काही बोलली नाही. गोमाजी रोज पहाटे झाडावर चढे, मादीच्या शेजारच्या फांदीवर बसे आणि आपले तळवे उन्हापुढे धरी. पहिल्या वर्षी ती लांब सरे. दुसऱ्या वर्षी सरेनाशी झाली. एकदा तिने त्याच्या हाताचा वास घेतला आणि तोंड फिरवले.

तिकडे सिंहासनाला मुळे फुटली होती. त्याच्या हातांना पालवी आली, पाठीतून फांद्या निघाल्या, आणि पाच पावसाळ्यांत आईझाड पुन्हा वाढून उभे राहिले. गोमाजीने मादीला फळे दाखवून तिकडे वळवून पाहिले. ती आपले झाड सोडून गेली नाही. आईझाड परत आले, पण त्यावर बसायला कोणी नव्हते.

सहाव्या वर्षी राजा वारला आणि त्याचा पुतण्या गादीवर आला. त्याने तांबड्या दोऱ्याबद्दल विचारले. गणती पुन्हा करा, रीतीप्रमाणे करा, असा हुकूम सुटला. सिदोजी नावाचा नवा गणतीकार होडीने आला. त्याच्याबरोबर झाड मापायची काठी घेतलेला एक माणूस होता.

ते पोचले त्या पहाटे गोमाजी चढला तेव्हा फांदी रिकामी होती. मादी झाडाच्या बुंध्याशी पडली होती. तिचे तळवे उघडेच होते. गोमाजी उतरला आणि तिच्याजवळ बसला. ठकूबाई आली, तिने आपल्या लुगड्याचा पदर फाडून मादीवर घातला.

ऊन आले आणि हाका सुरू झाल्या. एक, दोन, दहा, तीस, एक्केचाळीस. मग जराशी शांतता पडली, आणि गोमाजीने कधी न ऐकलेली एक हाक आली. बारीक, स्वच्छ, शेवटी वर जाणारी. ती तिची होती. त्याच्यापाशी ती एकदाही बोलली नव्हती. पक्ष्यांनी मात्र तिचा आवाज जपून ठेवला होता.

दगडावरून सिदोजी हसत आला. "गोमाजीबाबा, तुमच्या वेळी एक्केचाळीस होते म्हणे. एक वाढला की. बेचाळीस."

गोमाजीने पदर बाजूला केला. सिदोजीने पाहिले. हसू त्याच्या तोंडावर तसेच राहिले, कारण त्याचे काय करावे ते त्याला सुचले नाही. गोमाजीने त्याच्या हातातून दोरी घेतली. या खेपेला गाठी आपोआप सुटल्या नाहीत. त्याने एकेक सोडवली, आणि ऊन डोक्यावर आले तेव्हा दोरी सरळ झाली. मग त्याने कमरेचा काळा दोरा काढून सिदोजीला दिला.

"हा बांध. आणि ती काठी समुद्रात टाक."

दोरा बांधला गेला. त्या दिवसापासून केवडबेटावर माणसाने पाऊल ठेवले नाही. कुऱ्हाड गेली नाही, होडी गेली नाही. सर्वांत शेवटी गोमाजी आणि ठकूबाई निघाली, कारण नियम त्यांनाही होता.

राज्यात आज पाणी गोड आहे आणि न्याय सरळ आहे. बेटावर दाट रान आहे. तिथे रोज सकाळी बेचाळीस हाका उठतात, आणि त्या ऐकायला जायची कोणाला मुभा नाही.