फणीतले जुने धागे

एकदा एक विणकर आपल्या म्हाताऱ्या गुरूंच्या दारात येऊन मटकन बसला. महादू त्याचं नाव. पन्नाशी उलटलेला माणूस, पण हुंदका आवरेना.

"तात्या, मंजुळा निघाली. संध्याकाळी मामाकडे जाते म्हणते, कायमची."

तात्यांनी कारण विचारलं नाही. साऱ्या पेठेला ते ठाऊक होतं. महादूचा हात कसबी, पण संताप अनावर. पाच वर्षांपूर्वी त्यानं मुलाला मागावरचा लाकडी धोटा फेकून मारला. पोरगा घर सोडून गेला तो गेलाच. त्याची वाट पाहत त्याच्या आईनं प्राण सोडला. आता उरली होती ही एकटी लेक, आणि काल तिच्यावरही हात उठला. का? तर तिच्या हातून रेशमाची कांडी पडली म्हणून!

"मी प्रयत्न केले नाहीत का हो?" महादू म्हणाला. "मागावर नवा ताणा चढवताना दरवेळी नारळ फोडतो, शपथ घेतो. चार दिवस बरे जातात. मग माझ्या तोंडून माझा बापच बोलायला लागतो."

शपथ घ्यायला काय लागतं! एक नारळ आणि डोळ्यांत थोडं पाणी. आपण सगळेच घेतो.

तात्या काठी टेकत थेट महादूच्या घरी आले. विणून झालेली साडी मागावरून उतरवली होती. रीतीप्रमाणे जुन्या ताण्याच्या उभ्या धाग्यांची वीतभर टोकं फणीच्या बारीक घरांत तशीच ओवलेली ठेवली होती. त्या एकेका टोकाला नवा धागा गाठ मारून जोडला, की माग पुन्हा चालू. पेठेत सगळे असंच करतात. तात्यांनी कात्री मागितली आणि कुणाला काही कळायच्या आत ती सारी टोकं कापून, उपसून टाकली.

"अहो तात्या, काय केलंत हे? आता नुसते धागे ओवण्यात आठ दिवस जातील!"

"जाऊ देत. तुझ्या प्रत्येक साडीत काठापासून चार बोटांवर एक विरळ रेघ येते ना?"

"ती वडिलांच्या काळापासून येते. मागाचाच दोष आहे."

"माग बिचारा काय करेल! ओवताना तुझ्या वडिलांचं फणीतलं एक घर चुकलं. सुधारायचं तर तिथून पुढचं सगळं उपसावं लागलं असतं. तेवढा धीर त्यांना नव्हता. तू रेशीम बदललंस, रंग बदललेस, पण गाठ मारलीस ती त्याच टोकांना. नवा धागा मग जुन्याच वाटेनं जाणार. तुझ्या शपथांचंही तेच झालं." तात्यांनी कात्री खाली ठेवली. "आणि माझंही चुकलं रे. ती रेघ मला तेव्हाच दिसली होती. तुझ्या कपाळावरची खोकही दिसली होती. मी गप्प बसलो."

महादूचा हात नकळत कपाळावरच्या वणाकडे गेला. बापाच्या धोट्याचा होता तो.

धागे ओवायला दोघं लागतात. एकानं मागून द्यायचा, दुसऱ्यानं पुढून ओढायचा. मंजुळा बोचकं घेऊन दारात उभी होती.

"पोरी, थांब म्हणायला मला तोंड नाही," महादू म्हणाला.

तिनं बोचकं भिंतीशी ठेवलं. "आठ दिवस थांबते, बाबा. आठच."

तिसऱ्या दिवशी तिच्याकडून एक धागा चुकला. महादूच्या ते ध्यानात आलं तोवर आणखी दोनशे धागे ओवून झाले होते. त्याचा हात उठला. पलीकडे मंजुळानं डोळे घट्ट मिटले. मुलगाही असेच डोळे मिटायचा. आणि फार वर्षांपूर्वी, याच मागापाशी, तो स्वतःही.

हात खाली आला. महादू एकेक धागा उपसू लागला. दोनशेच्या दोनशे.

"दे बाळा, पुन्हा दे," तो म्हणाला. त्याला रडू आवरत नव्हतं.

नवव्या दिवशी माग सुरू झाला. मुलगा परतला नाही, गेलेली आई तर येणारच नव्हती. साडीवर मात्र रेघ उमटली नाही, आणि मंजुळाचं बोचकं अजून भिंतीशीच होतं.